रिमोट कुणाच्या हातात होता

९ नोव्हेंबर, मुरुम

पाहुणे गेले, फराळ संपला, आता तरी डोक्याला शांतता मिळंल असं वाटलं होतं. कुठलं काय! सकाळी आमच्या बापानं, अप्पांनी, खताच्या दुकानात चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "शंभू, ते खेळणं उडतंय का न्हाय मग?" खेळणं! दहा लिटर औषध पोटाशी घेऊन उडणाऱ्या यंत्राला हे खेळणं म्हणतात. गिऱ्हाईक फिदीफिदी हसले. तोंडावर बोललो की घरात भांडण, नाही बोललो की डोकं फुटायची वेळ, म्हणून ही वही आणली.

ड्रोन आईच्या, म्हणजे अव्वाच्या, बचत गटाच्या नावावर आलेला आहे. ट्रेनिंगला बाईच पाहिजे होती, म्हणून माझी धाकटी बहीण शिवकांता गेली आणि उडवायचं सर्टिफिकेट घेऊन आली. गावात सत्कार झाला तिचा, शाल-नारळ. आणि मी? पुण्यात चार वर्षं ड्रोनचे प्रोग्राम लिहिले मी. वेगाचा अख्खा भाग माझा होता. कंपनीनं तो विकला, साहेबानं स्टेजवर उभं राहून स्वतःचं नाव लावून घेतलं, आणि उन्हाळ्यात मला घरी पाठवलं. कुणाचं काम आणि कुणाचं नाव, हे मला आता कुणी शिकवू नये.

या खेपेला नाव माझंच लागणार.

१४ नोव्हेंबर

आळंद रोडच्या आमच्या रानात हरभऱ्यावर पहिली चाचणी झाली. नुसतं पाणी भरून.

इकडच्या कारखान्याला सभासदांच्या उसावर ड्रोननं फवारणी करून देणारं कुणीतरी पाहिजे आहे. शेतकी अधिकारी अप्पांच्या ओळखीचे. ते म्हणाले, एकदा उडवून दाखवा, पसंत पडलं तर हंगामभराचं काम तुमचं. हे मिळालं तर मी मुरुमात मान वर करून राहीन. नाही मिळालं तर अप्पांच्या गल्ल्यावर बसून युरियाच्या पावत्या फाडायच्या जन्मभर. त्यापेक्षा मेलेलं बरं.

फवारणीत सगळा खेळ वेगाचा असतो. ड्रोन जोरात गेला तर औषध पानाला लागत नाही, रेंगाळला तर पीक करपतं. बाकीचे लोक एकच वेग ठरवतात आणि देवावर हवाला ठेवून सोडतात. पण पंप कधी कमी फेकतो, कधी जास्त. माझा प्रोग्राम नळीतून किती औषध जातंय ते बघतो आणि वेग त्याप्रमाणं ठेवतो. औषध कमी झालं की ड्रोन हळू, वाढलं की जोरात. प्रत्येक झाडाला सारखाच डोस. टाकी रिकामी झाली की आपला आपण परत. असं डोकं पुण्यातसुद्धा कुणी चालवलं नव्हतं.

शिवकांता म्हणाली, "अण्णा, आणि टाकी भरलेली असून पडायचंच थांबलं तर?"

"तर ड्रोनपण थांबेल. जागच्या जागी."

"कुठंबी?"

"कुठंबी."

तिनं मान हलवली. शंका काढायची सवयच आहे तिला.

२३ नोव्हेंबर

आज डोकं सणकलंय.

चाचणी छान चालली होती. मध्येच वाऱ्याचा झोत आला आणि ड्रोन बांधाकडं सरकायला लागला. प्रोग्रामनं सावरलं असतं त्याला, मला खात्री आहे. पण हिनं धीर धरला नाही. स्विच पाडून ताबा स्वतःकडं घेतला आणि हातानं फिरवून आणला. माझ्या चाचणीचं वाटोळं.

शेजारच्या रानातले गोरोबाकाका बघत उभे होते. काय कौतुक! "पोरीचा हात काय हाय राव! तव्यावरची भाकर परतावी तसं वळवलं की!" आणखी दोघं-चौघं जमले. शिवकांता लाजली-बिजली. मी बांधावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेलो. काका माझ्याकडं वळून म्हणाले, "आन तुमी काय, हिशेब लिवता का?"

हिशेब! दिवस-दिवस बसून डोळे फोडायचे मी, आणि टाळ्या कुणाला, तर रिमोटची काडी हलवणारीला.

२४ नोव्हेंबर

थोड्याच ओळी लिहायला लागल्या. आता फवारणी चालू आहे तोवर ड्रोन रिमोटच्या काडीला ऐकणार नाही. तिनं स्विच पाडला की प्रोग्राम लगेच ताबा परत घेणार. मोटारी बंद करायचं बटन तेवढं राहिलंय, ते काढता येत नाही. पण ते दाबलं की ड्रोन दगडासारखा खाली येतो, म्हणजे ते दाबायला कुणी धजावणार नाही.

करून बघितलं. तिनं दोनदा स्विच पाडला, ड्रोननं ढुंकून बघितलं नाही. लई बरं वाटलं.

२ डिसेंबर

शिवकांताच्या ध्यानात आलं. तिला वाटलं रिमोट बिघडला. मी खरं काय ते सांगितलं, लपवायचं कशाला?

"अण्णा, मला थांबवता आलं पाहिजे. माणसं असतात खाली, बैलं असतात."

"तू थांबवलंस की प्रोग्राम कसा चालतो ते कळत नाही मला."

"मग रिमोट माझ्या हातात कशाला देतोस?"

"नियम आहे म्हणून."

ती तडक अप्पांकडं गेली. अप्पा जेवत होते. म्हणाले, "तो इंजनेर हाय, त्याला कळतं. तू कशाला मधी पडतीस?"

"मीबी शिकून आलेय अप्पा."

"दहा दिवसाचं शिक्षण ते," अप्पा म्हणाले आणि भात मागितला. अव्वानं भात वाढला, पण पातेलं असं आदळलं की मांजर पळालं. या घरात बायकांच्या नाकावर राग असतो.

८ डिसेंबर

शेतकी अधिकाऱ्यांचा फोन आला. वेळ अमावस्येला ते मुरुमातच येणार आहेत, दोन-तीन ठिकाणी जेवायची आमंत्रणं आहेत त्यांना. म्हणाले, तेव्हाच दाखवा तुमचा ड्रोन. यापेक्षा चांगला दिवस मागून मिळायचा नाही. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळी माणसं रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, वर शाल, आत पाच दगडांचे पांडव मांडून दिवा लावलेला, आणि जो येईल त्याला शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील असं जेवण. पंचक्रोशी बघणार मला.

अप्पांना तर भारीच सुचलं. "दरसाल आपण रानाला आंबील शिंपतो. औंदा ड्रोननं शिंपू. साहेबबी खूश, लोकबी खूश." आयुष्यात पहिल्यांदा बापाचं आणि माझं जमलं.

अव्वा बसली अडून. "रान पोटुशी बाई असती, तिला आपल्या हातानं पाजायचं असतं. पंख्यानं पाजतात का?"

अप्पा म्हणाले, "तुझ्याच गटाचा हाय की ड्रोन, मग तुझाच हात झाला." आम्ही खूप हसलो.

१६ डिसेंबर

औषधाची टाकी, नळ्या, सगळं काढून कोरं बसवलं. विषाचा थेंब राहायला नको, एवढं मला कळतं.

चाचणीसाठी अव्वाकडं तांब्याभर आंबील करून मागितली तर कानावर हात ठेवले तिनं. आंबील आदल्या दिवशी शिजवायची, आणि पांडवांना नैवेद्य दाखवल्याशिवाय बोटसुद्धा लावायचं नाही. "यंत्राला आधी पाजून उष्टी आंबील देवाला दाखवू का?" बरं बाई, राहिलं. पाण्यात ताक घालून भरलं आणि उडवलं. एकदम झकास. शिवकांता म्हणाली, "अण्णा, आंबिलीत ज्वारीचं पीठ असतं, ते गार झालं की तळाला बसतं." म्हटलं, गाळून घेऊ. ताक काय नि आंबील काय, पातळच की.

२० डिसेंबर

काल वेळ अमावस्या झाली, लिहायला आज बसलोय.

सकाळी सगळं छान होतं. पूजा झाली, साहेब जेवले, भज्जी दोनदा मागून घेतली त्यांनी. अव्वानं हंड्यातली आंबील धोतराच्या फडक्यातनं गाळून दिली. टाकी भरली. तिन्ही बाजूंच्या रानांतली माणसं हातातली भाकरी घेऊनच बांधावर आली. शिवकांता रिमोट घेऊन उभी राहिली, मी लॅपटॉप उघडला. लोकांना दिसावं म्हणून उंची कमी ठेवली होती.

पहिली फेरी अशी गेली की माणसं ओरडली. हरभऱ्यावर पांढरे थेंब, पोरं खालून पळताहेत, साहेबांनी मोबाइल काढला. दुसऱ्या फेरीला स्क्रीनवर वेग उतरायला लागला. चार, तीन, दोन. आंबील घट्ट झाली होती, नळीतनं कमी जात होती, म्हणून ड्रोन हळू होत होता. खोटं कशाला लिहू, मला आधी आनंदच झाला. प्रोग्राम माझा बरोब्बर चालला होता. मग नळी पुरती तुंबली आणि ड्रोन थांबला.

थांबला तो बांधाला लागून असलेल्या गोरोबाकाकांच्या कोपीवर. काका, त्यांची सून, सगळे आमच्याकडं बघायला आलेले. आत त्यांची आई मथुराबाई एकटीच पाय पसरून बसलेली. तिला उठवत नाही. समोर पांडव आणि दिवा.

पात्यांच्या वाऱ्यानं शाल उडाली, पेंढ्या सुटल्या, कडबा आत पडला. मग धूर. मग एकदम जाळ. आणि वरनं वारा चालूच, भात्यासारखा.

शिवकांता ओरडत होती, "अण्णा, सोड त्याला! माझ्याकडं दे!" स्विच पाडत होती, परत पाडत होती. मला स्क्रीनवर दिसत होतं, ताबा तिच्याकडं जायचा आणि परत यायचा. मी लॅपटॉपवरून थांबवायला गेलो. काय दाबायचं ते आठवेना. मी लिहिलेला प्रोग्राम आणि मलाच आठवेना. मोटारी बंद करायच्या तर पंचवीस किलोचं धूड म्हातारीच्या अंगावर. मग हिनं रिमोट भुईवर टाकला आणि पळाली. पेटलेल्या पेंढ्या दोन्ही हातांनी बाजूला सारल्या, म्हातारीला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. गोरोबाकाका हंड्यातली आंबील ओतत होते जाळावर.

नंतर बॅटरी उतरली तसा ड्रोन आपणहून निघाला, उडाल्या जागी आला आणि अलगद टेकला. तिकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

दोघी सोलापूरच्या दवाखान्यात आहेत. म्हातारीचे पाय भाजलेत. शिवकांताचे हात.

२१ डिसेंबर

पोलीस आणि तलाठी घरी आले होते. ते यायच्या आधी अप्पांनी मला गोदामात नेलं. खताच्या पोत्याला टेकून खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्यावर आलं तर कारखाना गेला, पुढची नोकरीबी गेली, दारात कुणी उभं करणार न्हाय. पोरीचं काय, ती उद्या सासरी जाणार. तिला कुठं विमान चालवायचंय?"

मी हो म्हटलं नाही. नाहीपण म्हटलं नाही.

पोलीस साहेब माणूस चांगला होता. शांतपणे विचारलं, "रिमोट कुणाच्या हातात होता?"

"शिवकांताच्या."

"आणि आग लागली तेव्हा?"

"रिमोट टाकून ती पळाली."

यात खोटं अक्षर नाही. विचारलं तेवढं सांगितलं. अव्वा चहा घेऊन आली होती. सगळ्यांना दिला, माझ्यापुढनं ताट तसंच परत नेलं.

२२ डिसेंबर

यंत्र तपासायला माणूस येणार आहे. रिमोटचा ताबा काढून घेणाऱ्या त्या ओळी आज पुसून टाकल्या. तशाही त्या चाचणीपुरत्याच होत्या.

२९ डिसेंबर

सोलापूरला जाऊन आलो. मथुराबाई बऱ्या आहेत, पण चालतील का ते डॉक्टर सांगत नाहीत. गोरोबाकाका वऱ्हांड्यात बसलेले. मी म्हटलं, काका, तुम्ही तक्रार दिली नाही अजून. तर फाडकन् म्हणाले, "कुणाच्या नावानं देऊ? पोरीच्या? माझ्या मायला आगीतनं काढली तिनं. लोकं म्हणतेत तिची चूक. मला न्हाय पटत, शंभुलिंग." पहिल्यांदा पूर्ण नावानं हाक मारली त्यांनी, आणि डोळे माझ्यावरून काढेनात. त्यांचा रोख माझ्यावर का, ते कळलं नाही. मी काय केलं त्यांचं?

शिवकांताच्या दोन्ही हातांना बोटांपासून कोपरापर्यंत पट्ट्या. अव्वा तिला घास भरवत होती. मी सफरचंदं नेली होती, ती टेबलावर ठेवली. मग मीच म्हटलं, "तू रिमोट टाकायला नको होतास." काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. अव्वानं घास ताटात ठेवला आणि मला म्हणाली, "जा तू."

८ जानेवारी

दोन बातम्या. शिवकांताचं सर्टिफिकेट चौकशी होईस्तोवर थांबवलंय. आणि शेतकी अधिकाऱ्यांचा फोन. "यंत्रात दोष नाही म्हणतात. वेगाचं तुमचं काम तर नंबर एक होतं, मी बघितलं ना. पायलट तेवढा बदला आणि दाखवा परत."

नंबर एक! चार वर्षं पुण्यात हे ऐकायला जीव तळमळला माझा. पळत स्वयंपाकघरात गेलो, सांगितलं. अव्वा भाकरी थापत होती, परवाच दवाखान्यातनं आलेली शिवकांता पाटावर बसलेली. कुणी मान वर केली नाही. अप्पा तेवढे "छान झालं" म्हणाले, तेही भिंतीकडं बघत.

पण उडवणार कोण? गटात दुसरं कुणी शिकलेलं नाही. ट्रेनिंगला आता पदरचे पैसे भरून मीच जाणार, पण त्याआधी हात बसायला पाहिजे. शेवटी हिलाच विचारलं, शिकवशील का. मला वाटलं अंगावर येईल.

"शिकवते," म्हणाली. "दुसऱ्या कुणाची माय नको जळायला."

असं टोचून बोलायची काही गरज नव्हती. पण हो म्हणाली, तेवढं बास.

१५ जानेवारी

पट्ट्या निघाल्यात तिच्या. कातडी गुलाबी, ताणलेली, बोटं अर्धीच वळतात. रानात गेलो दोघं. टाकी रिकामी, प्रोग्राम बंद, नुसती काडी. ती माझ्यामागं उभी राहून सांगत होती. "हळू. अण्णा, हात सैल सोड. तू दाबतोस लई."

वर गेला, सरळ गेला, वळला. मला वाटलं, एवढंच होतं होय! मग मळणी झालेल्या रानाकडनं वारा आला आणि ड्रोन बाभळीकडं सुटला. मी काडी इकडं केली तर तो तिकडं. ती म्हणत होती, "डावी, डावी, सोड, आपला आपण थांबंल तो." मला ऐकूच येईना. कानात नुसती पाती घोंघावत होती. मी गर्रकन् वळलो आणि रिमोट तिच्याकडं ढकलला. "घे! तू घे!"

तिनं दोन्ही हात पुढं केले. बोटं मिटलीच नाहीत तिची. रिमोट दगडावर आपटला, ड्रोन बाभळीत. एक हात तुटला त्याचा, दोन पाती गेली.

अप्पा मोटारसायकलवरून येतच होते. बांधावरूनच ओरडले, "काय झालं रे?"

"हिच्या हातनं रिमोट पडला," मी म्हटलं.

तोंडातनं तेच आलं. विचार करून बोललो नाही. शिवकांतानं एकदा माझ्याकडं बघितलं, पदर सावरला आणि घराकडं चालायला लागली. अप्पा बांधावरून पुढं आलेच नाहीत. गाडी वळवून तिच्या मागं गेले. तुटकं सामान मी एकट्यानं गोळा केलं.

घरी आलो तर अव्वा दारातच बसलेली. आवाज चढवला नाही तिनं.

"शंभू, तू पुण्याला जा."

"तिथं माझं कोण आहे अव्वा?"

"इथं तरी कुणाला ठेवलंस तू?"

मग ती उठून आत गेली. आतनं शिवकांताला जेवायला वाढल्याचा आवाज आला. पुण्याची गाडी उमरग्याहून सकाळी असते. बॅग अजून भरलेली नाही.